क्राऊन-पिनियनला हात लावण्याआधी

जुनी ॲम्बॅसिडर किंवा पद्मिनी घेतलेल्या माणसाचा पहिला महिना पॉलिश आणि रबर बीडिंगमध्ये जातो, दुसरा वायरिंगमध्ये. तिसऱ्या महिन्यात तो एका रविवारी सोलापूरहून पुणे रोडला लागतो आणि मोहोळ यायच्या आतच त्याच्या लक्षात येतं की ऐंशीच्या स्पीडला इंजिन नुसतं बोंबलतंय. शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतंय. संध्याकाळी फोन येतो, "पाच गिअरचा बॉक्स कुठं मिळेल हो?"

माझा उलटा प्रश्न ठरलेला असतो. टायर कोणत्या मापाचे आहेत?

समोरचा गप्प होतो. गिअरबॉक्सचा आणि टायरचा काय संबंध, असं त्याला वाटतं. हा लेख म्हणजे त्या फोनचं सविस्तर उत्तर. पुढे इंजिन आणि मागच्या चाकांना ओढ, अशा जुन्या गाड्यांसाठी तो आहे: ॲम्बॅसिडर, पद्मिनी, कॉन्टेसा, जीप. कामाचा क्रम असा ठेवायचा: रस्ता, टायर, मोजमाप, हिशेब, मग क्राऊन-पिनियन (मागच्या एक्सलमधली मोठ्या आणि छोट्या गिअरची जोडी) आणि अगदी शेवटी गिअरबॉक्स. बहुतेक जण नेमके उलट्या टोकाकडून सुरू करतात आणि खिसा रिकामा करून टायरपाशी येतात.

आधी एवढं समजून घ्या

सोलापुरात ज्याच्या घरी यंत्रमाग आहे त्याला हे समजवायला वेळ लागत नाही. मोटारीवरची पुली लहान घातली की माग हळू चालतो, मोठी घातली की पळतो. मोटार तीच, तिचे फेरे तेच. गाडीत इंजिन म्हणजे मोटार आणि चाक म्हणजे माग. मधे दोन ठिकाणी हे पुलीचं काम होतं. एक गिअरबॉक्समध्ये आणि दुसरं मागच्या हाऊसिंगमध्ये, म्हणजे मागच्या एक्सलच्या मधल्या गोल डब्यात, क्राऊन-पिनियनवर.

चार गिअरच्या जुन्या बॉक्समध्ये टॉप गिअर सरळ असतो. इंजिनाचा एक फेरा म्हणजे प्रोपेलर शाफ्टचा, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलपर्यंतच्या लांब दांड्याचा, एक फेरा. मग क्राऊनला ३९ दात आणि पिनियनला ८ असतील तर ३९ भागिले ८, म्हणजे ४.८७५. शाफ्ट पावणेपाचपेक्षा थोडा जास्त फिरला की चाक एकदा फिरतं. हा आकडा म्हणजे रेशो. तो मोठा तर गाडीला ओढ जास्त आणि पळ कमी. आकडा लहान तर पळ जास्त, ओढ कमी. दोन्ही एकदम मिळत नाहीत.

महत्त्वाचा फरक असा. क्राऊन-पिनियन बदललं की पहिल्यापासून टॉपपर्यंत, रिव्हर्ससकट, सगळे गिअर एकाच प्रमाणात बदलतात. पाच गिअरचा बॉक्स बसवला तर पहिला गिअर जवळपास जागेवर राहतो आणि वर एक हलका गिअर वाढतो. म्हणून कागदावर पाचवा गिअर नेहमीच चांगला दिसतो. गाडीत बसवताना काय होतं ते पुढे सांगतो.

एकाच इंजिनामागे वेगवेगळे रेशो का देतात, याचं एक उदाहरण बघा. आपली ॲम्बॅसिडर मॉरिस ऑक्सफर्ड सीरिज थ्रीवरून आली. त्या ऑक्सफर्डचं १४८९ सीसीचं बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) इंजिन १९५५ साली आलेल्या एमजीए या दोन सीटच्या स्पोर्ट्स गाडीतही होतं. ऑक्सफर्डला ४.८७५ आणि एमजीएला ४.३. एकीत अख्खं कुटुंब सामानासह बसायचं, दुसरीत दोन माणसं आणि फार तर एक बॅग. रेशो गाडीच्या ओझ्यावरून ठरला. तुमच्या गाडीत किती जण बसतात, हे म्हणूनच आधी विचारायचं.

पायरी १: रस्ता लिहून काढा

एक वही घ्या आणि दोन महिने गाडी कुठे गेली ते लिहा. कुठे जावंसं वाटतं ते लिहू नका, कुठे गेली तेच लिहा. माझ्या वहीत बहुतेक पानं सात रस्ता, पार्क चौक आणि नवी पेठेची निघाली. नवी पेठेत तर दुसऱ्या गिअरच्या वर काही लागतच नाही. त्यानंतर अक्कलकोट, जेमतेम चाळीस किलोमीटर. मधेच पंढरपूर, तुळजापूर. पुण्याचे अडीचशे किलोमीटर दोन महिन्यांत एकदा.

आपल्या बाजूचा एक मोठा फायदा म्हणजे सपाटी. पुणे रोड टेंभुर्णी, इंदापूर, भिगवणपर्यंत चढासाठी गिअर टाकायला लावत नाही. खरा चढ म्हणायचा तर तुळजापूरच्या अलीकडचा घाट. त्यामुळे थोडा पळता रेशो सोलापूरकराला परवडतो. महाबळेश्वरला राहणाऱ्याने माझे आकडे उचलू नयेत.

दुसरी गोष्ट ऊन. मे महिन्यात पारा ४२च्या वर जातो तेव्हा तासभर साडेतीन हजार आरपीएमवर (मिनिटाला तेवढे फेरे) धरलेलं जुनं इंजिन तापतं, हे सगळ्यांना पटतं. उलटं मात्र पटत नाही. रेशो फार पळता केला तर घाटात इंजिन कमी फेऱ्यांवर, ॲक्सिलरेटर तळाला टेकवून ओढत राहतं. या गाड्यांचा पंखा आणि पाण्याचा पंप इंजिनाच्याच बेल्टवर. इंजिन हळू फिरलं की वारा कमी, पाणी कमी, आणि नेमका तेव्हाच लोड जास्त. टकटक असा नॉकिंगचा आवाज येतो आणि काटा वर चढतो. तुळजापूरच्या वळणावर बॉनेट उघडून उभ्या असलेल्या जुन्या गाड्यांत अशाही गाड्या असतात.

पायरी २: टायर

ॲम्बॅसिडरचा मूळ टायर ५.९०-१५. तो हल्ली सहज मिळत नाही, म्हणून दुकानदार १५ इंची रिम बघून आजच्या गाड्यांचा १८५/६५ आर १५ बसवून देतो. दिसायला रुंद, छान. पण उंचीला तो मूळ टायरपेक्षा कमी आहे, आणि ॲम्बॅसिडरच्या अरुंद रिमवर तो नीट बसतही नाही. चाक लहान झालं म्हणजे गाडीचा रेशो तुम्ही नकळत बदललात, तोही नको त्या दिशेला.

किती बदलला ते मोजा. हवा बरोबर भरा, टायरवर खडूने खूण करा, तीच खूण जमिनीवर करा. आत एक माणूस बसवून गाडी सरळ ढकला, चाकाचे पाच फेरे होऊ द्या, पुन्हा जमिनीवर खूण करा. टेपने अंतर मोजून पाचाने भागा. मूळ मापाच्या टायरला माझ्याकडे पाच फेऱ्यांत १० मीटर ५ सेंटिमीटर आले, म्हणजे फेऱ्याला २.०१ मीटर. १८५/६५ला १.८९. सहा टक्के गेले. मूळ मापाच्या जवळचा, उंच प्रोफाइलचा टायर शोधा. मागवावा लागेल, थांबावं लागेल, पण सगळ्यात स्वस्त गिअर हाच आहे.

पायरी ३: हाऊसिंग न उघडता रेशो मोजा

आरसी बुकात हा आकडा नसतो. मॅन्युअलमध्ये असतो, पण पन्नास वर्षांत तुमच्या गाडीचं हाऊसिंग कुणी, कधी, कुठल्या गाडीचं बसवलं ते मॅन्युअलला माहीत नसतं. मोजायचंच.

सपाट जागा. पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी दगड. मागचं एकच चाक जॅकवर उचला आणि हाऊसिंगखाली स्टँड द्या. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून खाली डोकं घालायचं नाही. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला, कारण तो मागच्याच चाकांवर लागतो. तो सोडायचा असतो म्हणूनच दगडांबाबत एवढा आग्रह. प्रोपेलर शाफ्टवर खडूची खूण, चाकावर दुसरी.

आता एकाने उचललेलं चाक हाताने बरोबर वीस वेळा फिरवायचं आणि दुसऱ्याने शाफ्टचे फेरे मोजायचे. दुसरं चाक जमिनीवर थांबलेलं असल्यामुळे डिफरन्शियल (दोन्ही चाकांना फेरे वाटून देणारी गिअरची जुळणी) अर्धाच हिशेब पुढे देतो. वीस फेऱ्यांचे क्राऊनला दहाच पोचतात. म्हणून शाफ्टच्या फेऱ्यांना दहाने भागलं की रेशो मिळाला. पावणेएकोणपन्नास आले तर ४.८७५. साडेपंचेचाळीसच्या किंचित पुढे गेला तर ४१/९, म्हणजे ४.५५. बरोबर त्रेचाळीस आले तर ४.३. पहिल्यांदा मोजलं तेव्हा आमची मोजणी तीनदा चुकली. गाडीखाली आडवं पडून आकडे मोजताना वरून कुणी "चहा घेणार का" विचारलं की संपलं. दर पाच फेऱ्यांना खडूने रेघ मारत जा.

पायरी ४: हिशेब

गणित चौथीतलं आहे. इंजिनाचे हजार फेरे भागिले रेशो, गुणिले चाकाचा फेरा मीटरमध्ये, गुणिले ६०, भागिले १०००. टॉपमध्ये हजार आरपीएमला ताशी किती किलोमीटर ते मिळतं.

२.०१ मीटरच्या टायरवर ४.८७५ला हे उत्तर २४.७ येतं, म्हणजे ऐंशीला इंजिन साधारण ३२३० फिरतं. ४.५५ला २६.५, ऐंशीला ३०२०. ४.३ला २८, ऐंशीला २८५०. ३.९ला जवळपास ३१, ऐंशीला २६००. आता तोच ४.८७५, पण खाली १८५/६५चे टायर: हजाराला २३.३ आणि ऐंशीला ३४४०. फोनवर बोंबलणारं इंजिन ते हेच. मूळ गाडीपेक्षा दोनशे फेरे जास्त, आणि कारण टायरचं दुकान.

इंजिनाला किती झेपतं, हे पिस्टनवरून बघतात. १४८९ सीसीच्या या इंजिनाचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची एका बाजूची धाव, ८८.९ मिलिमीटर, लांबलचक. दर फेऱ्याला पिस्टन दुप्पट अंतर जातो. ३४४०ला मिनिटाला सुमारे ६१० मीटर, ३०२०ला ५४० मीटरच्या खाली. जुन्या लांब स्ट्रोकच्या इंजिनांना सतत चालवायला मिनिटाला २५०० फूट, म्हणजे साधारण ७६० मीटर, ही हद्द धरत आले आहेत. तेव्हा ऐंशीला इंजिन काही मरत नाही, मरतात ते आतल्यांचे कान. पद्मिनीवाल्यांनी तर आणखी निश्चिंत राहावं. तिचं १०८९ सीसीचं इंजिन ७५ मिलिमीटर स्ट्रोकचं, ते फिरायला खुशीने तयार असतं. तिला ओढायला लावलेलं आवडत नाही.

ओढ किती जाते, तेही त्याच कागदावर लिहा. ४.८७५वरून ४.५५ला आलात तर प्रत्येक गिअरमधली साडेसहा टक्के ओढ गेली. ४.३ला बारा टक्क्यांच्या आसपास. ३.९ला वीस टक्के, म्हणजे पाचातला एक हिस्सा, आणि तो पहिल्या गिअरमधूनही. चौघं बसलेत, डिकीत सामान आहे आणि घाटात पुढे उसाचा ट्रॅक्टर थांबलाय, अशा वेळी गाडी चढावर उचलायची आहे. क्लचचा वास यायला वेळ लागत नाही.

सोलापूरच्या रस्त्यांना माझं मत सांगतो: मूळ इंजिन, मूळ उंचीचे टायर आणि ४.५५. ४.३ तेव्हाच, जेव्हा इंजिन नुकतं उत्तम बांधलेलं असेल आणि गाडीत बहुतेक दोघंच असतील. त्याच्या पुढे चार गिअरवर जाऊ नये. हायवेवर छान वाटतं, पण थर्ड आणि टॉपच्या मधली दरी अशा जागी सरकते की पन्नासच्या आसपास कुठलाच गिअर बरोबर वाटत नाही. आपलं निम्मं चालणं पन्नासच्या आसपासच असतं.

पायरी ५: क्राऊन-पिनियन घेताना

इथे मी स्वतः आपटलोय, म्हणून जरा थांबून सांगतो.

भंगारातून मला ४१ दातांचा क्राऊन आणि ९ दातांचा पिनियन मिळाला. दात स्वच्छ, कडा शाबूत. दात मोजले, घासाघीस केली आणि बसवायला दिला. तिसऱ्या दिवशी गाडी घेऊन निघालो. पन्नासपर्यंत सगळं शांत. पंचावन्नला मागच्या सीटखालून बारीक शीळ सुरू झाली, साठला ती भोंग्यासारखी झाली. ॲक्सिलरेटर सोडला की बंद, दाबला की पुन्हा सुरू.

ज्या चाचांकडे मी नंतर गेलो त्यांनी हाऊसिंग उतरवलं, क्राऊनच्या कडेवरून चिंधी फिरवून कोरलेला नंबर वाचला, मग पिनियनचं तोंड पुसून तिथला वाचला आणि हसायला लागले. "सर, ही जोडी नाय की ओ. ह्याचं लगीन एकीकडं झालंय आन् तिचं दुसरीकडं. नांदतील कशी?"

क्राऊन आणि पिनियन कारखान्यातच एकमेकांवर घासून जोडीने तयार करतात आणि दोघांवर एकच नंबर कोरतात. दातांची संख्या जुळली म्हणजे जोडी जुळली असं नाही. नंबर वेगळे असतील तर फुकट मिळालं तरी घेऊ नका.

जोडी बरोबर असली तरी बसवणाऱ्याला तीन गोष्टी विचारायच्या. पिनियनच्या बेअरिंगचं प्रीलोड (बसवतानाच दिलेला ताण) कसं मोजणार? दातांमधला बॅकलॅश (मोकळीक) डायल गेजने बघणार का? आणि दातांना रंग लावून घासणीची खूण दाखवणार का? खूण दाताच्या मधोमध यायला हवी. टोकाला किंवा बुडाला आली तर शिम (पातळ चकत्या) बदलून पुन्हा. चाचांनी माझ्यासमोर चार वेळा उघडून पुन्हा लावलं. दुपार गेली. डायल गेज नाही आणि "हाताला अंदाज आहे" असं जो म्हणेल त्याच्याकडून ब्रेक करून घ्या, हे काम नको.

जीपवाल्यांसाठी एकच सूचना. जुन्या सीजे-३बीला ५.३८, म्हणजे ४३/८, असा भरपूर ओढीचा रेशो असतो आणि तो बदलायचा मोह होतो. फोर व्हील असेल तर पुढचा आणि मागचा रेशो सारखाच पाहिजे. एकच बदलून फोर व्हील टाकलं की दोन्ही एक्सल एकमेकांशी भांडतात आणि कुठेतरी काहीतरी तुटतं.

पायरी ६: एवढं करूनही पाचवा गिअर हवा असेल तर

आपल्याकडे पाच गिअरची मागच्या ओढीची पेटी म्हटलं की १८१७ सीसी इसुझु इंजिनाच्या कॉन्टेसा क्लासिकचं किंवा ॲम्बॅसिडर १८०० आयएसझेडचं नाव येतं. ती पेटी चांगली आहे. पण ती इसुझु इंजिनासाठी बनवली आहे, बीएमसीच्या इंजिनाला तशीच लागत नाही. मधे ॲडॉप्टर प्लेट लागते. ती लेथवर बनवताना गिअरबॉक्सचा शाफ्ट आणि क्रँक यांचे मध्य केसभरही इकडेतिकडे झाले तर क्लच थरथरतो आणि पुढचं बेअरिंग खातो. क्लच प्लेटचे स्प्लाइन वेगळे. पेटीची लांबी वेगळी, म्हणून प्रोपेलर शाफ्ट कापून, जोडून, बॅलन्स करून घ्यायचा. पेटी आणि पिनियन यांचे कोन एकमेकांना समांतर राहिले नाहीत तर शाफ्टच्या सांध्यातले क्रॉस सारखे जातात. पेटीखालचा क्रॉस मेंबर नवा, स्पीडोमीटरची केबल वेगळी.

आणि हँडगिअर जातो. स्टिअरिंगला लागून असलेला तो दांडा गेला की पुढची सलग सीट कापावी लागते, फरशीला भोक पडतं. ज्या गाडीत पुढे तिघं ऐसपैस बसायचे ती गाडी वेगळीच होऊन बसते. हे माझं वैयक्तिक दुःख समजा.

इंग्लंडमध्ये याच काळातल्या एमजीबीसारख्या गाड्यांना लेकॉक डी नॉर्मनव्हिलचा ओव्हरड्राइव्ह मिळायचा. पेटीच्या मागे जोडलेला, बटणावर चालणारा जादा गिअर, साधारण ०.८चा. जुन्या गाडीला यासारखा उपाय नाही, पण सोलापुरात बसून तो शोधणं म्हणजे सिद्धेश्वर तलावात मोती शोधणं.

कागदपत्रांचंही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार मूळ नोंदीपेक्षा गाडीत वेगळं काही करायचं तर आरटीओला विचारावं लागतं. पेटीसोबत इंजिनही बदललं तर नंबर आरसीवर चढवणं आलंच. गाडी पन्नास वर्षांची झाल्यावर २०२१च्या नियमाखाली व्हिंटेज म्हणून नोंदवायचा विचार असेल तर आणखी जपून, कारण त्या नियमात चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार झालेली गाडी बसत नाही. एमएच पुढे व्हीए हवं असेल तर फरशीला भोक पाडण्याआधी विचार करा. क्राऊन-पिनियन बदललेलं बाहेरून कुणाला दिसत नाही, आणि परत मूळचं बसवता येतं.

तेल आणि काटा

हायपॉइड क्राऊन-पिनियनला जीएल-५ दर्जाचं ९० नंबरचं तेल. तेच तेल गिअरबॉक्समध्ये ओतू नका. त्यातली रसायनं सिंक्रोच्या (गिअर टाकताना फेरे जुळवणाऱ्या) पितळी रिंगा खातात. पेटीसाठी मॅन्युअल सांगेल तेच, जुन्या बीएमसी पेट्यांना तर काही वेळा इंजिन ऑइलच सांगितलेलं असतं. नवी जोडी बसवल्यावर पहिले काहीशे किलोमीटर हलक्या पायाने, मग ते तेल काढून टाका. माझ्या पहिल्या तेलात उन्हात धरल्यावर चंदेरी भुकटी चमकत होती. दात एकमेकांना बसताना थोडी येतेच. नखाने टोचेल असा तुकडा आला तर मात्र हाऊसिंग पुन्हा उघडायचं.

स्पीडोमीटरची केबल पेटीच्या शेपटातून निघते, चाकातून नाही. त्यामुळे मागचा रेशो बदलला की काटा खोटं बोलायला लागतो. ४.८७५साठी लावलेला काटा ४.५५वर खऱ्या ऐंशीला पंच्याहत्तरच दाखवतो. केबलचा छोटा गिअर योग्य दातांचा मिळाला तर बदला. मला अजून मिळालेला नाही. मोबाइलचं जीपीएस लावून पुणे रोडला बाळ्यापासून मोहोळपर्यंत आकडे जुळवले आणि एक चिठ्ठी काट्याशेजारी चिकटवली आहे: ४७ म्हणजे ५०, ५६ म्हणजे ६०, ७५ म्हणजे ८०.